पाण्यात साप चावत नाही म्हणतात, ते कितपत खरे? आणि तो पोहतो तरी कसा?

नाल्याकाठी (धागाकर्ता)
आमची दीड एकर भातजमीन येळ्ळूर शिवारात बळ्ळारी नाल्याला लागून आहे. हा नाला ज्यांना ठाऊक आहे त्यांना पुढचे सांगायला नको. जुलैत दोन दिवस नीट पाऊस लागला, की नाला कुठे संपला आणि शेत कुठे सुरू झाले, हे बांधावरच्या झाडांवरून ओळखावे लागते. गेल्या आठवड्यात रोप लावण चालू असताना चार दिवसांच्या अंतराने मला पाण्यात दोन साप दिसले आणि दोघांच्या वागण्यात जमीनअस्मानाचा फरक होता.

पहिल्याचे फक्त डोके पाण्याबाहेर होते, अंगठ्याएवढे. तो प्रवाहाला तिरका कापत येत होता आणि बाईमाणसांनी हाकारा करताच आवाज न करता खाली गेला. पुन्हा वर आला तो पंधरा-वीस फुटांवर, लव्हाळ्याच्या बुंध्याशी. दुसरा चांगला लांब होता. त्याचे जवळजवळ सगळे अंग पाण्यावर पडलेल्या चामडी पट्ट्यासारखे दिसत होते, मान चार बोटे वर होती, आणि तो नाला सरळ ओलांडून बांधावर चढला. पहिल्याच्या वेळी "दिवड हाय, सोडा की" म्हणून कोणी मानही वर केली नाही. दुसऱ्याच्या वेळी मात्र "नाग!" अशी आरोळी उठली आणि रोपांच्या पेंड्या टाकून सगळे बांधावर.

त्यातच आमचे एक वडीलधारे म्हणाले, की पाण्यात असताना कोणताच साप चावत नाही, कारण तोंड उघडले तर त्याच्या पोटात पाणी जाईल. मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. हातपाय नसताना साप इतका सफाईने पोहतो कसा? तो पाण्यात चावतो का? आणि तो कसा तरंगतो, यावरून विषारी-बिनविषारी ठरवता येते का?

खानापूरकर
दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत सोपे आहे, म्हणून तेथून सुरुवात करतो. साप पाण्यात चावतो, आणि दिवडाचे तर पोटच त्यावर चालते.

असोग्याच्या खालच्या अंगाला मलप्रभा खडकांतून वाहते, तेथे मी एकदा पाऊण तास एकच दिवड पाहत बसलो होतो. त्याने शेपटीचा विळखा एका बुडालेल्या मुळीला घातला होता आणि उरलेले अंग प्रवाहात सैल सोडले होते. डोके पाण्याखाली वीतभर खोल. जबडा किंचित उघडा ठेवून तो मान डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे सावकाश फिरवत होता, जसा आपण अंधारात कडीकोयंडा चाचपतो तसा. एका फेरीत बोटभर मासा ओठाला लागला आणि जबडा मिटला. मासा आडवा पकडला गेला होता. मग तो काठाच्या उथळ पाण्यात आला, माशाला तोंडातल्या तोंडात सरकवत त्याचे डोके आपल्या घशाकडे आणले आणि गिळला. त्या सगळ्या वेळात तोंडात पाणी होतेच.

सापाच्या खालच्या जबड्यात, जिभेच्या लगेच मागे, श्वासनलिकेचे तोंड असते आणि ते चिरेसारखे घट्ट मिटते. त्यामुळे तोंड उघडले तरी फुप्फुसात पाणी जात नाही. पोटात घोटभर गेले तर त्याचे काही बिघडत नाही.

तरीही तुमच्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे अगदीच हवेतले नाही. आपल्या ओढ्या-नाल्यांत, तळ्यांत, भातखाचरांत दहापैकी आठ-नऊ वेळा जो दिसतो तो दिवड, म्हणजेच पाणदिवड. काही भागांत त्यालाच विरोळा म्हणतात. तो बिनविषारी आहे. शिवाय झेप घ्यायला सापाला अंगाखाली टेका लागतो आणि खोल पाण्यात तो टेका नसतो, म्हणून पोहणारा साप लांबून झेपावत नाही, आधी निघून जाऊ पाहतो. पण तुमचा पाय त्याच्या अंगावर पडला किंवा तुम्ही त्याला हातात धरले, तर पाणी आहे म्हणून तो गप्प बसणार नाही. दिवड तर बिनविषारी असूनही तापट आहे. तो कडकडून चावतो आणि दातांच्या बारीक ओरखड्यांतून रक्त बराच वेळ वाहते.

बेळगावी_कुंदा
पाऊण तास दिवड पाहत बसलात! घरी काय सांगून बाहेर पडला होतात?

खानापूरकर
कुंदाशेठ, घरी "मासे आणतो" म्हणून सांगितले होते. मासा दिवडाला मिळाला, मला नाही.

गणित_मास्तर
पहिल्या प्रश्नाबद्दल लिहितो, कारण हा विषय मी दरवर्षी नववीच्या वर्गात दोरी हातात घेऊन शिकवतो.

ओल्या मातीवरून गेलेल्या सापाचा माग नीट पाहिला, तर ज्या वळणावरून डोके गेले त्याच वळणावरून मान, पोट आणि शेपूट गेलेले दिसते. जमिनीवर दगड, ढेकूळ, गवताचा बुंधा अशा पक्क्या टेक्यांना अंग रेटत साप पुढे जातो, त्यामुळे वळण जागच्या जागी राहते आणि साप त्यातून निघून जातो. पाण्यात असा टेका मिळत नाही. तेथे साप मानेपासून शेपटीकडे वळणांची एक लाट पाठवतो. प्रत्येक वळणाची मागची बाजू पाण्याला तिरके रेटते, म्हणजे थोडे बाजूला आणि थोडे मागे. डाव्या आणि उजव्या वळणांचा बाजूचा रेटा एकमेकांना खोडून काढतो, मागच्या दिशेचा रेटा मात्र साठत जातो आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून साप पुढे सरकतो. पाणी हाताखालून निसटते, म्हणून लाट जितक्या वेगाने मागे जाते तितक्या वेगाने साप पुढे जात नाही, थोडा कमीच जातो. आणखी एक बारकावा असा, की ही लाट शेपटीकडे जाताना रुंद होत जाते. त्यामुळे डोके जवळजवळ स्थिर राहते आणि मागचा भाग जोरात हलतो. नाल्याकाठींना अंगठ्याएवढे डोके सरळ रेषेत येताना दिसले, ते याच कारणाने.

आता तरंगण्याबद्दल. आमच्या लहानपणी विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला रिकामा डबा किंवा वाळलेला भोपळा बांधत असत. साप तो डबा अंगातच घेऊन जन्माला येतो. बहुतेक सापांचे डावे फुप्फुस खुरटलेले किंवा नाहीसेच झालेले असते आणि उजवे फुप्फुस खूप लांब असते. त्याचा पुढचा भाग श्वसनाचे काम करतो आणि मागचा भाग पातळ भिंतीची हवेची पिशवी असते. पिशवीत हवा भरून घेतली की अंग वर येते, हवा कमी केली की खाली जाते. म्हणूनच आयुष्यात कधी पाण्यात न उतरलेला सापसुद्धा पुरात सापडला तर पोहतो. त्याला ते शिकावे लागत नाही.

बेळगावी_कुंदा
मास्तर, मला डबा बांधूनही विहिरीचे निम्मे पाणी प्यावे लागले होते. श्वासनलिकेचे तोंड चिरेसारखे मिटवण्याची सोय आमच्यात नव्हती.

शिवारातला
वरची सगळी विद्वत्ता मान्य आहे, पण तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहे: बुडून पोहतो तो बिनविषारी आणि तरंगून पोहतो तो विषारी. मी चाळीस वर्षे मार्कंडेय नदीच्या काठी शेती करतो आहे. दिवड नेहमी डोके तेवढे बाहेर ठेवून जातो आणि चाहूल लागली की बुडी मारतो. नाग बुडी मारत नाही. राकसकोपच्या बाजूने पाणी वाढले होते त्या वर्षी मी डोळ्यांसमोर एक नाग नदी ओलांडताना पाहिला, तो मान ताठ ठेवून, अंग वर ठेवून गेला. फणा काढला नव्हता, पण काठावर येताच आमच्या कुत्र्याला पाहून काढला. त्यामुळे नाल्याकाठी यांनी जो दुसरा पाहिला, तो नागच होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

खानापूरकर
शिवारातले काका, तुमचे निरीक्षण खरे आहे, त्यावरून काढलेला नियम मात्र खरा नाही. धामणसुद्धा अगदी असेच पोहते. लांब अंग पाण्याच्या वरच्या थरात, मान उचललेली आणि वाट सरळ. धामण बिनविषारी आहे, भातशिवारात उंदरांमागे सतत फिरते आणि पाण्याला बिचकत नाही. अंधुक उजेडात लांबून धामण आणि नाग यांच्यात भल्याभल्यांची फसगत होते. नाल्याकाठी यांनी फणा पाहिलेला नाही. तुमच्या नागाचा नागपणासुद्धा काठावर आल्यावर कुत्र्यामुळे सिद्ध झाला, पोहण्यावरून नव्हे.

निपाणीची_लेक
या चर्चेत पुराचा मुद्दा यायलाच हवा, कारण संथ पाण्यातला साप आणि पुरातला साप यांचे वागणे वेगळे असते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये वेदगंगेचे पाणी यमगर्णीजवळ महामार्गावर आले होते, ते पुष्कळांना आठवत असेल. माझे माहेर त्याच नदीच्या काठी आहे. पाणी गोठ्यात शिरू लागले तेव्हा आम्ही जनावरे सोडून उंचावर नेली आणि दुसऱ्या दिवशी चुलत्यांबरोबर काहिलीतून (गूळ करायची मोठी कढई, पुरात आम्ही तीच नावेसारखी वापरतो) राहिलेले सामान आणायला गेलो. भाताच्या पिंजराची गंजी अर्धी बुडाली होती आणि तिच्या माथ्यावर दोन हातांच्या जागेत एक दिवड, एक धामण आणि वेटोळे करून बसलेली घोणस, एवढी मंडळी होती. शिवाय उंदीरही होते. कोणी कोणाकडे पाहत नव्हते. एरवी धामणीने उंदीर सोडला नसता. घोणस अंग फुगवून बसली होती, पण आमची काहिली शेजारून गेली तेव्हा तिने तो कुकरच्या शिट्टीसारखा आवाजसुद्धा केला नाही.

मी तेव्हा मनात म्हटले, की बिचारे घाबरले आहेत. नंतर वाचनातून कळले, की कारण अधिक साधे आहे. सापाचे रक्त बाहेरच्या तापमानाप्रमाणे थंड-गरम होते आणि हवेपेक्षा पाणी अंगातली ऊब फार लवकर ओढून घेते. रात्रभर पुराच्या पाण्यात पोहलेला साप थंडीने आणि थकव्याने सुस्त झालेला असतो. हे सांगण्याचे कारण असे, की तो सुस्त आहे म्हणजे निरुपद्रवी आहे, असे समजून एका शेजाऱ्याने काठीने ती घोणस ढकलायला घेतली होती. चुलत्यांनी त्याचा हात धरला. दोन तास ऊन पडले आणि गंजीवर कोणीच उरले नाही, सगळे आपापल्या वाटेने गेले.

आमच्या आजीची म्हण होती, "साप म्हणू नये धाकला, नवरा म्हणू नये आपला." दुसऱ्या अर्ध्याबद्दल येथे लिहीत नाही, कारण हा धागा आमच्या घरीही वाचला जातो.

कारवारकर
शिवारातले काका "तरंगतो तो विषारी" म्हणतात. त्यांना एकदा कारवारला बोलवायला हवे, कारण आमच्याकडचे सर्वांत विषारी साप बुडून राहणारेच आहेत.

जाळ्यात समुद्रसाप येणे आमच्याकडे नवलाचे नाही. त्याची शेपटी वल्ह्याच्या पात्यासारखी दोन्ही बाजूंनी चपटी असते, म्हणजे मास्तरांनी सांगितलेली लाट शेवटी पोहोचते तेव्हा पाणी रेटायला चांगले रुंद पाते मिळते. नाकपुड्या डोक्याच्या वरच्या बाजूला असतात आणि त्यांना मिटणाऱ्या झडपा असतात. फुप्फुस जवळजवळ सगळ्या अंगभर लांब असते. पिवळ्या पोटाचा समुद्रसाप तर लागणाऱ्या प्राणवायूपैकी ३३ टक्क्यांपर्यंतचा वाटा कातडीतून थेट पाण्यातून घेऊ शकतो. तरी शेवटी फुप्फुसाचाच प्राणी, त्याला श्वासासाठी वर यावेच लागते. म्हणून जाळ्यात खाली अडकून राहिलेला समुद्रसाप गुदमरून मरतो.

जमिनीवरच्या सापाच्या पोटाला आडव्या रुंद खवल्यांची पट्टी असते, तिच्या आधारे तो सरपटतो. समुद्रसापांत ती पट्टी फार अरुंद होऊन गेली आहे. लाटेने वाळूवर टाकलेला समुद्रसाप मी पाहिला आहे. पाण्यात जो रेशमासारखा जातो, तो वाळूवर ओल्या फडक्यासारखा पडून राहतो. पोरे त्याला मेलेला समजून हात लावतात, हे फार धोक्याचे आहे. त्याचा दंश फारसा दुखतही नाही, पण विष स्नायूंवर आणि मज्जातंतूंवर चालते.

चिकोडीचा_पाटील
थोडे विषयांतर करतो, पण पाण्याबाहेर जात नाही. दूधगंगेच्या काठी लहानपणी आम्ही संध्याकाळी गळ टाकून बसलो होतो. गळाला जड काही लागले, ओढले तर हातभर लांब, काळपट, बुळबुळीत, वळवळणारे! गळ, काठी, डबा सगळे टाकून आम्ही पळालो. मागून एक भोई आजोबा आले, त्यांनी तो "साप" शांतपणे गळावरून सोडवला, पिशवीत घातला आणि म्हणाले, "पोरांनो, उद्या कालवण खायला या." ती वाम होती.

तेव्हापासून कोणी "पाण्यात साप पाहिला" म्हणाले, की मी आधी विचारतो, खवले होते का, आणि काठावर आल्यावर तो श्वास घेताना दिसला का.

गणित_मास्तर
पाटील, उदाहरण चांगले आहे, कारण वाम आणि साप यांची पोहण्याची पद्धत एकच आहे. अंगभर लाट पाठवून पोहणे. फरक इतकाच, की वामेला पाठी-पोटावरून शेपटीपर्यंत गेलेली पराची झालर असते आणि श्वासासाठी कल्ले असतात. सापाला झालरही नाही आणि कल्लेही नाहीत, म्हणून त्याला पृष्ठभागाशी संबंध ठेवावा लागतो. दिवडाच्या नाकपुड्या थोड्या वर वळलेल्या असतात, त्यामुळे डोक्याचा अगदी थोडा भाग बाहेर काढून त्याचे काम भागते.

आणखी एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. आग्नेय आशियातल्या संथ पाण्यात एक साप असतो, त्याच्या थुंतरीवर दोन लहान मिशा असतात. तो पाण्यात उलट्या इंग्रजी जे अक्षरासारखा वळून निश्चल राहतो. मासा डोके आणि मान यांच्या कोनात आला, की तो आधी मानेकडचे अंग किंचित हलवतो. धक्का ज्या बाजूने आला तिच्या उलट दिशेला वळून पळायचे, हा माशाचा उपजत स्वभाव असतो, आणि ती उलट दिशा म्हणजे नेमके सापाचे तोंड. केनेथ कॅटानिया या शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये वेगवान चित्रीकरणातून हे दाखवले. मासा आता कुठे आहे, तेथे साप झेप घेत नाही, तो कुठे येणार आहे तेथे घेतो.

बेळगावी_कुंदा
आमच्या गल्लीतले निवडणुकीचे कार्यकर्ते याच पद्धतीने काम करतात.

येळ्ळूरची_सून
पुराचे बोललात, विहिरीचेही बोला. आमच्या बांधीव विहिरीत दर पावसाळ्यात एखादा साप पडतो. दिवड असला तर आम्ही काही करत नाही, तो बेडूक खातो आणि कपारीत मजेत राहतो. पण मागल्या वर्षी धामण पडली. पहिल्या दिवशी ती भिंतीकडेने गोल फिरत होती, दर फेरीत मान दोन-तीन हात वर उचलून दगड चाचपत होती आणि घसरून परत पडत होती. दुसऱ्या दिवशी फेऱ्या मंदावल्या. तिसऱ्या दिवशी ती पंपाच्या नळीला नुसती अंग टेकवून होती. साप पोहतो हे खरे, पण टेकायला जागा मिळाली नाही तर तो थकून बुडतो, हे मला त्या वेळी समजले.

सासऱ्यांनी एक जाड काथ्याचा दोर घेतला, त्याला हातहातभर अंतरावर गोणपाटाच्या चिंध्या गाठी मारून बांधल्या आणि तिरका करून पाण्यात सोडला. वरचे टोक उंबराला बांधले. आम्ही सगळे घरात आलो, कारण माणसे काठावर उभी राहिली तर ती वर येत नाही. सकाळी विहिरीत धामण नव्हती आणि सर्वांत वरच्या चिंधीवर चिखलाचा पट्टा उमटला होता.

शिवारातला
सूनबाई, दोर सोडलात ते उत्तम केलेत. मात्र दिवड विहिरीत ठेवण्याला माझा विरोध आहे. माझ्या शेततळ्यात मी माशांचे बीज सोडतो आणि दिवड ते बीज खातो. तुम्ही लोक त्याला पाहुणा म्हणा, माझ्या दृष्टीने तो फुकट जेवणारा आहे.

खानापूरकर
काका, तळ्याला काठाने बारीक जाळी लावा, तिचा खालचा काठ मातीत पुरा आणि ती बाहेरच्या बाजूला कलती ठेवा. पण मासे पकडायचे नायलॉनचे जुने जाळे वापरू नका. त्यात दिवडाची मान अडकते, तो जितका पुढे रेटतो तितका खवल्यांत दोरा रुततो आणि जाळे पाण्याखाली असेल तर गुदमरून मरतो. आमच्या ओढ्यावर कोणी विसरलेल्या एका जाळ्यात मी तीन मेलेले दिवड मोजले आहेत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि तो दिवडालाही लागू आहे, हेही लक्षात असू द्या.

रात्रपाळीची_परिचारिका
वरच्या प्रतिसादांत एक मुद्दा राहिला आहे. आमच्याकडे येणाऱ्यांपैकी काही जण उशिरा येतात आणि कारण देतात, की "दंश पाण्यात झाला, विष धुऊन गेले असेल." विष कातडीवर सांडत नाही. नाग किंवा घोणस यांच्या पोकळ दातांतून ते सुईसारखे कातडीखाली टोचले जाते, ते पाण्याने धुतले जाण्याचा प्रश्नच नाही. कधी कधी विषारी साप विष न सोडता नुसता चावतो, त्याला कोरडा दंश म्हणतात, पण तो कोरडा होता की नव्हता हे रुग्णालयात काही तास देखरेखीखाली ठेवल्यावरच ठरते.

चिखलाच्या पाण्यात साप दिसत नाही, नुसता टोचल्यासारखा झटका बसतो. अशा वेळी काटा, खेकडा की साप यावर बांधावर चर्चासत्र भरवू नये. पाय हलवू न देता, आवळपट्टी न बांधता, न कापता, न चोखता, थेट रुग्णालयात आणावे. माझ्या एका नातेवाइकाला आधी गावात पाला बांधून दोन तास बसवून ठेवले होते. तो वाचला, पण पायाची जखम भरायला पुढे तीन महिने लागले. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर आपल्याकडे एकच लस चालते, त्यामुळे साप मारून बरोबर आणण्याचीही गरज नसते. कारवारकरांसाठी मात्र सांगते, की ही लस समुद्रसापाच्या विषापासून बनवलेली नाही, तेथे श्वसनाला आधार देणारे उपचारच महत्त्वाचे ठरतात. कर्नाटकात फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सर्पदंशाची नोंद शासनाला कळवणे रुग्णालयांना बंधनकारक झाले आहे, म्हणून दवाखान्यात नाव-गाव आणि तपशील विचारले तर वैतागू नका.

निपाणीची_लेक
ताई, पूर ओसरल्यावरचे एक वाक्य जोडते. पाणी उतरले तरी साप लगेच उतरत नाहीत. आमच्या घरात चौथ्या दिवशी पीठ दळायच्या जात्यामागे दिवडाचे पिल्लू निघाले होते. पूर उतरल्यावर आधी काठीने आवाज करून मगच अडगळ हलवावी आणि खाली न झोपता खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपावे. मण्यार रात्रीच फिरते.

शिवारातला
कारवारकरांचा आणि धामणीचा मुद्दा मी दोन दिवस डोक्यात घोळवला. माझा नियम समुद्राला लागू नाही, हे मान्य. धामणीपुरताही तो लागू नाही, हेही नाइलाजाने मान्य. पण बुडी मारणारा साप आपल्या नाल्यात बहुधा दिवडच असतो, एवढे तरी माझ्या पदरात टाका.

खानापूरकर
"बहुधा" या शब्दासकट टाकले, काका. डोके जवळून दिसले तर दिवडाच्या डोळ्यापासून खाली-मागे गेलेल्या दोन काळ्या तिरक्या रेघा पाहा आणि पाठीवर बुद्धिबळाच्या पटासारखे ठिपके पाहा. त्याच्या पोहण्यापेक्षा त्या खुणा जास्त खात्रीच्या आहेत. मात्र डिवचला, की दिवडही मान चपटी करून डोके उचलतो आणि लोक त्याला नाग समजून मारतात, हेही ध्यानात असू द्या.

नाल्याकाठी
सर्वांचे आभार. काल पहाटे पाऊस उघडला होता, म्हणून वडीलधाऱ्यांना बरोबर घेऊन मुद्दाम नाल्यावर गेलो आणि बांधावरच्या जांभळाखाली गप्प बसून राहिलो. लव्हाळ्याजवळचा आपल्या जागीच होता. अर्ध्या तासात तीन वेळा वर आला आणि तिसऱ्या वेळी तोंडात मासा आडवा होता. डोळ्याखालच्या दोन्ही रेघा मोबाईलच्या फोटोत स्पष्ट आल्या आहेत. वडीलधाऱ्यांनी फोटो डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "म्हणजे तोंड उघडतंय की हे."

तो दुसरा पट्ट्यासारखा तरंगणारा मात्र पुन्हा दिसलेला नाही. ज्या बांधावर तो चढला होता, तेथे उंदरांची पाच-सहा बिळे आहेत, त्यामुळे माझे मत धामणीकडे झुकते आहे. लावणीला आलेल्या बायकांना हे सांगितले, तर त्या म्हणाल्या, "धामण असू दे नाहीतर नाग, त्या कोपऱ्यातली लावण आता तुम्हीच करा." सध्या तो कोपरा तसाच राहिला आहे.

बेळगावी_कुंदा
रविवारी येतो मदतीला. डबा बांधून.